बोटं हलवा

४ नोव्हेंबर
आजपासून मी हाडांच्या वॉर्डातला प्लास्टरवाला! दादानं मोटारसायकलवरून दारापर्यंत सोडलं आणि जाताना बजावलं, तोंडाचा पट्टा आवर. स्वतः रंगारी, दिवसभर शिडीवर लटकणार, आणि उपदेश मला! प्लास्टरची खोली मस्त आहे. मोठी खिडकी, टेबल, कोपऱ्यात कापून काढलेल्या प्लास्टरांचा ढीग. हायवे जवळच, त्यामुळे बहुतेक पेशंट अपघातवाले. कुणाची नडगी मोडलेली, कुणाची मांडी. प्लास्टर घातलं की मी सांगतो, बोटं हलवा. हलली की रक्त नीट चाललंय, आणि माझा जीव भांड्यात पडतो.

६ नोव्हेंबर
थोरल्या सिस्टरनं चारचौघांत झापलं. या खोलीत नुसतं 'बोटं हलवा' म्हणायचं नाही, पेशंटला नावानं हाक मारून म्हणायचं. ज्यांचे पाय इथे कापावे लागले त्यांनाही हेच सांगितलं होतं म्हणे, आणि ते पाय अजून ऐकतात. मी हसलो. ती नाही हसली.

९ नोव्हेंबर
जिभेची सवय! भरदुपारी एका बाईंना नाव न घेताच म्हणून बसलो. त्यांची बोटं हलली. कोपऱ्यातल्या ढिगातही खुडबुड झाली. उंदीर असेल म्हणून ढीग उपसला. उंदीर नव्हता. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

१० नोव्हेंबर
काल सगळा ढीग मीच बाहेर टाकला. आज एक लांब प्लास्टर परत कोपऱ्यात. रिकामं. हात घातला तर आत ऊब — कुणीतरी नुकताच पाय काढून घेतल्यासारखी. सिस्टर एवढंच म्हणाली, नाव घेत जा रे बाबा.

१२ नोव्हेंबर
दादाला ट्रकनं उडवलं. मला न्यायला येत होता. नडगी मोडली. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर मी घातलं. बोटं थंड, निळसर — पाय गेला तर शिडी कसा चढेल? वहिनीला काय सांगू? मी ओरडलो, बोटं हलवा!

दादाला मी कधी अहोजाहो करत नाही. हाकही मारली नाही. नुसतं — हलवा.

१२, संध्याकाळ
हलली! गरम आहेत! मी रडलोच. दादा म्हणतो, मी नाही हलवली. त्याला गुडघ्याखाली काही कळतच नाही —

कोपऱ्यातलं प्लास्टर गार पडलंय.

पाय टेबलावरून खाली उतरला. दादा दोन्ही हातांनी कड धरून आहे. एका हातानं मी त्याला धरलंय — हाका मारतोय, दादा, थांब, दादा — तो म्हणतो, अरे मी थांबलोच आहे, हा पाय —