सुचिताची चार कोरी वर्षे

३ सप्टेंबर २०१८, सोमवार, सकाळी ६.१०
आजपासून नियम. मुलीचं पान फक्त सोमवारी पाहायचं. पान म्हणजे गुगल स्कॉलर. तिचे पेपर, आणि किती संशोधकांनी त्यांचा उल्लेख केला त्याचे आकडे. सुचिता उमाळे, मेंदूविज्ञान, बंगलोर. पेपर चार. सायटेशन ६१. शेवटचा २०१४ चा: कीटकनाशक आणि उंदरांची स्मरणशक्ती. त्याच वर्षी तिने नौमानशी लग्न केलं. मी गेले नाही. तेव्हापासून बोलणं नाही.
माझं पाहणं निव्वळ शैक्षणिक आहे. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. सवय.

४ सप्टेंबर, मंगळवार
काल नेट संथ होतं, सबब काल धरायचा नाही. ६१.

७ सप्टेंबर
६२. ब्राझीलच्या कुणीतरी उल्लेख केला. दुपारी शिरा केला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

१० सप्टेंबर, सोमवार
नियमाप्रमाणे पाहिलं. चार वर्षं कोरी. लग्नाने संशोधन बुडेल, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. बरोबर ठरल्याचा आनंद नाही. थोडा आहे, असं अर्जुनरावांचं, म्हणजे आमच्या यजमानांचं मत. चष्मा पुसत म्हणाले, "रोज पान पाह्यतं, त फोनच लाव ना तिले." मी म्हटलं, फोन तिने करायचा. तर म्हणाले, "तीबी हेच म्हणते."
यांना हे कसं ठाऊक, विचारायचं राहिलं. दूध उतू जात होतं.

१५ सप्टेंबर
संग्रामपूरहून इंद्रभान आला, आमचं शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर करतो. बी.टी. कपाशीला अळी लागत नाही म्हणून घेतली. गेल्या वर्षी गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली. यंदा तिसरी फवारणी चालू आहे. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं. मी रागावले. म्हणतो, "मागच्या साली एक मॅडम आली होती, हात थरथरते काय ते मशीनवर पाह्यलं तिनं. थे तुमच्याहून जास्त रागावली." कोण मॅडम, विचारलं तर मिशीत हसला आणि चहा संपवला. असेल कुणी सरकारी बाई.

२४ सप्टेंबर, सोमवार
ईमेल पाठवला. कर्तव्य म्हणून. "प्रिय सुचिता, २०१४ नंतर तुझं एकही प्रकाशन नाही. कारण तुझं तुला माहीत. अजून वेळ गेलेली नाही. प्रा. विमल उमाळे (निवृत्त)." 'प्रिय' नंतर घातलं. एवढ्या मायेने कुणीही घरी येईल. वरची खोली झाडून घेतली.

१ ऑक्टोबर
उत्तर नाही. लाज वाटत असणार. उशा उन्हात टाकल्या. दोन.

४ ऑक्टोबर
उत्तर आलं. "आई, यादी जोडली आहे. सुचिता."
बारा पेपर. २०१५ ते २०१८. सायटेशन ३४०. लेखिकेचं नाव सुचिता विमल.
तीनदा वाचलं. हिने नाव कधी बदललं, यांना विचारलं. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तूच म्हटलं होतं ना, आमचं आडनाव लावू नको. नौमानचं लावलं असतं त तू अजून भडकली असती. मंग तिनं तुहं लावलं."
म्हटलं होतं. फोनवर. एवढंच बोलून ठेवला होता.

५ ऑक्टोबर
शेवटचा पेपर पूर्ण वाचला. संग्रामपूर तालुक्यात कपाशी फवारणारे एकशे चाळीस लोक, हातांचा कंप, स्मरणशक्ती. काम उत्तम आहे. पाहणी नोव्हेंबर २०१७, आठ दिवस. खाली आभार: इंद्रभान, आणि जेवणाची सोय करणारे अर्जुनराव उमाळे. तेच आठ दिवस हे शेतावर होते. वेचणी आहे म्हणाले होते.
संग्रामपूरला जायचं तर ती उतरली असणार इथे, शेगावलाच. स्टेशन आमच्या घरापासून दहा मिनिटं. मी म्हटलं, मग घरी का आली नाही? हे म्हणाले, "आली होती, गल्लीच्या तोंडापर्यंत. तू अंगणात कुनाले तरी रागावून राह्यली होती. आवाज आयकला न् फिरली वापस."
कुणाला रागावत होते, आठवत नाही.

७ ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून उत्तर लिहीत आहे. "तू माझं नाव" इथपर्यंत लिहून खोडलं. "नौमान कसा आहे" खोडलं. "कधी येता" लिहिलं. बराच वेळ राहू दिलं. खोडलं.
१२.४० ला पाठवलं: "यादी मिळाली. सातवा पेपर दोनदा आला आहे. एकूण अकरा होतात. दुरुस्त करून पाठवणे."
१.०५. दुरुस्त यादी आली. अकरा. सोबत मजकूर नाही.