चिंचोलीची टेकडी

शनिवार, संध्याकाळ. बॉथेल, अमेरिका.

इराच्या शाळेत सध्या मेक्सिकोतली जुनी नाहुआत्ल चित्रलिपी चालू आहे. गावाचं नाव अक्षरांनी नाही, चित्रांनी लिहायचं. टेकडी, तिच्यावर नाकतोडा, की झालं चापुल्तेपेक नावाचं ठिकाण! होमवर्क काय, तर आपल्या कुटुंबाचं गाव असं लिहा. तिने स्वतःहून माझी चिंचोली निवडली. बरं वाटलं.

तरी हुज्जत घातलीच. तिने टेकडी काढली आणि वर शेंगांनी लगडलेलं चिंचेचं झाड. म्हटलं, आमचं गाव सपाट आहे गं, टेकडी खोड. "बाबा, इट्स नॉट अ हिल. इट मीन्स प्लेस." तरी मी खोडायला लावलीच. का? दिवसभर ऑफिसात लोकांच्या कोडमधल्या चुका काढतो, ती सवय घरात कशाला? तिने पेन्सिल उचलली. मग टेकडी परत काढली, आधीपेक्षा मोठी.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. इराने एक शब्द न बोलता कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आईने चष्मा सावरला. "अगं, ही तर चिंचोली!" इरा उडालीच.

मी तरी विचारलं, "आणि ती टेकडी?"

"टेकडी कुठंय रे? गाव आहे ते. त्यात चिंच."

अजून हसू येतंय. नातीला धड मराठी बोलता येत नाही, आजीला इंग्रजीचा गंध नाही. दोघींना गाव दिसलं. टेकडी दिसली ती फक्त मला.