झाकण काढलेला पैलवान

प्रिय भोंग्या,

'प्रिय' लिहिलंय कारण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. हुरळून जाऊ नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू समोरच्याला बोलू देतोस कुठे? कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो तेव्हा आपल्या मालकांनी तुला भोंग्या नाव ठेवलं ते काही उगाच नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, एवढं बरं आहे. शुद्धलेखन बघत बसू नकोस, शाळेत तू माझ्याच बाकावर होतास आणि माझ्यासोबतच बाहेर पडलास.

तुझा नवा व्हिडिओ पाहिला. पैलवान विरुद्ध कारकून. ही नावं माझी. दुकानात मागच्या टेबलावर मशीन जोडताना मीच म्हणालो होतो, या कंपनीचा प्रोसेसर म्हणजे पैलवान, पहिल्या झटक्यात डोंगर उचलतो, पण खुराक दांडगा आणि अंगात ऊब फार. आणि त्या कंपनीचा म्हणजे कारकून, मान खाली घालून दिवसभर एकाच चालीने फायली उरकतो. नावं वापर, माझं काही जात नाही. पण पैलवान दीडपट महाग असूनही पैसा वसूल आहे, डोळे झाकून घ्या, असं तू हसत हसत सांगितलंस तिथे माझं डोकं फिरलं. कारण डोळे झाकून घेणाऱ्यांत माझी धाकटी बहीण आहे. स्टुडिओची नोकरी सोडून ती घरी स्वतःचं व्हिडिओ एडिटिंगचं काम सुरू करतेय, हे तुला माहीत आहे. साठवलेलं सगळं ती या एका मशीनमध्ये घालणार. पहिली दोन कामं घेऊन बसलीय, आणि ती तारखेला दिली नाहीत तर तिसरं कोणी देणार नाही, हेही तुला माहीत आहे.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. कारकुनाची चाचणी घेतलीस तेव्हा मशीनचा डबा बंद होता. पैलवानाच्या वेळी तू कॅमेरा फिरवलास आणि मागे भिंतीला टेकवलेलं डब्याचं झाकण क्षणभर दिसलं. खिडकी सताड उघडी, आणि टेबलफॅन थेट मशीनच्या पोटावर. पैलवान जिंकणार नाही तर काय? त्याला वारा घालायला तू माणसं ठेवलीस आणि कारकुनाला गोधडीत गुंडाळून पळवलंस. मालक सांगायचे ते विसरलास का रे? दोघांना एका पंगतीला बसव, सारखं वाढ, मग बघ कोण किती जेवतो. त्या माणसाने आपल्या हातात स्क्रूड्रायव्हर देण्याआधी हे शिकवलं होतं.

खोटं बोलायला मला आवडत नाही म्हणून हेही लिहितो. वेगात पैलवान पुढे आहे, बंद डब्यातसुद्धा, पहिला थोडा वेळ. मग तापतो, आणि जळू नये म्हणून आपणच आपला वेग उतरवतो. ज्याला पाच मिनिटांचं काम आहे त्याने खुशाल घ्यावा. धाकटीचं काम रात्र-रात्र चालणारं. आणि तिची खोली तू पाहिलीस. वर पत्रा, खाली लाकूड कापायचा कारखाना. भुसा आत येतो म्हणून खिडकी उघडता येत नाही. डब्याचं झाकण काढलं तर आठवड्यात पंखे गच्च. त्या खोलीत बसून, तिच्या हातचा चहा पिऊन, तू तिला पैलवान घे म्हणालास.

मी सध्या जुनी कॉम्प्युटरं मोडायच्या शेडमध्ये आहे. या वर्षातली तिसरी नोकरी, हसायचं असेल तर हस. पाय एका जागी टिकत नाहीत माझे, आई म्हणते तसं. दिवसभर बोर्डावरून प्रोसेसर उपटतो. इथे पैलवान आणि कारकून एकाच क्रेटमध्ये पडतात, कोणाचं कौतुक नाही. पण कुठला बोर्ड कोंडून चालवलेला हे कळतं. प्रोसेसरच्या जागेभोवती तो करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी झालेला असतो. असा एक बोर्ड हातात होता आणि तेवढ्यात तुझं हसणं आठवलं.

तुला पैलवान कोणी दिला तेही कळलंय. चौकातल्या त्या दुकानदाराकडे तो माल धूळ खात पडलाय, त्याने तुला एक फुकट दिला. लोकांनी काय घ्यायचं ते त्याचं गोदाम ठरवणार आणि तू वाजणार. तू दुष्ट नाहीस, एवढं मला माहीत आहे. बोलता बोलता तुला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं, ही तुझी खोड. दुष्ट असतास तर सोपं गेलं असतं, दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा धाकटीचा फोन आला. मशीनचं बोलली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली की तू तिला लग्नाचं विचारलंयस. तिच्या मनात होकार आहे. आई-बाबांना सांगण्याआधी तिला माझ्याकडून ऐकायचंय. विचारत होती, दादा, तू त्याला लहानपणापासून ओळखतोस, माणूस कसा आहे? मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज काही तुटत नव्हता. रविवारी ती परत फोन करेल, आणि सोमवारी त्या दुकानात जाईल. झाकणाची गोष्ट मी तिला सांगू शकतो, एका मिनिटाचं काम आहे, मशीन वाचेल. पण मी सांगितली तर तुझ्याबद्दल वेगळं काही सांगायची गरजच उरणार नाही. म्हणून रविवारपर्यंत थांबतोय. त्या पत्र्याखालच्या खोलीत जा, तिच्यासमोर बस आणि तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मग ती तुला जिन्यावरून ढकलो नाहीतर चहा देवो, मी मध्ये पडणार नाही. रविवारी तिचा फोन आला आणि तिने ते तुझ्याकडून ऐकलंय असं कळलं, तर दात-ओठ खात का होईना, माणूस बरा आहे म्हणेन.

तुझाच, निदान रविवारपर्यंत,
तिचा भाऊ