गॅलरीतला बाक

३ मे, रविवार
संजूने सकाळी स्वतःहून हाक मारली. म्हणाला, आप्पा, गॅलरीत टाकायला एक बाक बघा. पावसात टिकला पाहिजे. तुम्ही सुतार माणूस, तुम्हालाच कळणार.
गडहिंग्लजचं दुकान मोडून कोल्हापुरात मुलाच्या फ्लॅटवर आलो त्याला पाच वर्षं झाली. इथं मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं. टेप शोधून काढला. पट्टी गंजलीय, आकडे दिसतात.

५ मे, मंगळ
गॅलरी सात फूट लांब. एका टोकाला वॉशिंग मशीन, नळ तिथंच. उरले सव्वापाच. पाऊस तिरका येतो, निम्मी गॅलरी भिजते.
लोखंड नको. वरून रंग चांगला असतो, जोडात आतून गंजतं. वेत नको, बुरशी. सागवान टिकेल, पण दरवर्षी तेल लावावं लागेल. कोण लावणार. मी असेन तोवर ठीक.

८ मे, शुक्र
राजारामपुरीत तीन दुकानं फिरलो. पाय सुजले. तिसऱ्यात पसंत पडला. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मधे फटी म्हणजे पाणी साचत नाही. स्क्रूंना चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही, म्हणजे गंजणार नाहीत.
दुकानदार म्हणाला, "पावणं, बाक बघायला आलाय का पोरगी?"
म्हणालो, पोरगी बघायला एवढा वेळ लागला नव्हता.
घरी सांगितलं. सूनबाई वैशाली मोबाईलवरची नजर न काढता म्हणाली, "मामा, त्याची पाठ पाडून सपाट होतंय काय?" होतं म्हणालो. "मग झालं."
बसायच्या बाकाची पाठ कशाला पाडायची? विचारलं नाही.

१० मे, रवि
संजू म्हणाला, जरा गॅलरीत आडवं व्हा, मापाचा अंदाज येईल. झालो. फरशी गार. टाचा मशीनला अडल्या. वैशाली म्हणाली, पाय जरा दुमडा की. दुमडले. मग तिने रांगोळीच्या खडूने डोक्यापाशी एक आणि टाचेपाशी एक रेघ मारली.
पन्नास वर्षं खाटा केल्या, दिवाण केले. ज्याच्यासाठी करायचं त्याला जमिनीवर निजवायचं, खडू मारायचा, वर एक वीत सोडायची. दुसऱ्याला निजवून माप घेत नाहीत.
उठायला वेळ लागला. दोघं रेघा बघत होते.

११ मे, सोम
विचारलं.
माझ्या खोलीत वैशालीचं ब्यूटी पार्लर होणार. पावसाआधी सुरू करायचंय. आरसे आणूनसुद्धा ठेवलेत, माझ्याच कॉटमागे. मला वाटलं कुणाचे तरी ठेवायला दिलेत.
संजू म्हणाला, "तुम्हाला वारं आवडतंय की."
आणि पाऊस?
"म्हणून तर पावसात टिकणारा घेतोय. तुम्हीच पसंत केलाय न्हवं?"
खरं आहे. चुंबक लावून केलाय.

१४ मे, गुरु
बाक दोन मापांत मिळतो. पाच फुटी आणि सहा फुटी. मी पाच फूट चार इंच. वीत सोडली तर सहा तरी पाहिजे. पण सहा फुटी ठेवायचा तर मशीन आत घ्यावं लागेल.
वैशाली म्हणाली, "मशीन कुठं हलवू मामा, नळ तिथं हाय. तसं बी तुम्ही पाय पोटाशी घेऊनच झोपताय."
म्हणजे बघून ठेवलंय.
संजू म्हणाला, "जागाच तेवढी हाय, आप्पा."
हे वाक्य माझं आहे. आबांचा, माझ्या वडलांचा, खोकला थांबेना तेव्हा मी त्यांना घराबाहेर पत्र्याखाली काढलं. उरल्यासुरल्या फळ्या जोडून बाक केला, साडेचार फुटांचा. दुकानात लाकूड होतं, ते गिऱ्हाइकाच्या कपाटाला ठेवलं. आबांना निजवून माप घेतलं नाही. घेतलं असतं तर कळलं असतं. ते म्हणाले, "पाय कुठं ठेवू रं?" मी म्हणालो, जागाच तेवढी हाय.
दोन पावसाळे काढले त्यांनी. उचलायला गेलो तेव्हा गुडघे सरळ होईनात. दाबून करावे लागले. एक मी दाबला.
हे कुणाला सांगितलेलं नाही. संजूलाही नाही. मग तो हे कुठं शिकला?

१८ मे, सोम
उद्या दुकानात माप कळवायचं, की बाक घरपोच. काम माझ्याकडंच. वैशालीने आठवण करून दिली, "पाच म्हणा मामा. विसरशीला." म्हणालो, विसरत नाही.
गॅलरीत जाऊन आलो. फरशी पुसलीय, रेघा गेल्या.
सहा म्हटलं तर बाक दारात येऊन उभा राहील. मग मशीन हलवायचं की काय, हे संजूला माझ्या तोंडावर ठरवावं लागेल. पाच म्हटलं तर कुणाला काहीच ठरवावं लागणार नाही.
आबांनी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.
दुकान दहाला उघडतं.