विहिरीचा प्लॉट

नागपूर, १२ जानेवारी २०२५

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आपल्या शेताशेजारच्या शालिग्रामकाकांच्या शेतात जे ले-आउट पडलं, त्यात आमी नुसता नकाशा पाहून प्लॉट घेतला! तुमच्या जावयाची बदली वाशीमले झाली. आई गेल्यापासून तुमी एकटेच भाजी खुडून बाजारात नेता, ते आता चालणार नाही. मी टोपलं धरीन.

प्लॉटात एक खड्डा हाये म्हणे. काकांनी मुरूम काढला होता तोच असन. बुजवून टाका, असं ले-आउटवाल्याले सांगतलं. मले रोज सांबाराची, तुमचे जावई कोथिंबीर म्हणतात तिची, ताजी जुडी पाहिजे, आतापासूनच बजावते. माया हाये तशीच ठेवा.

तुमची सुप्रिया

वाशीम, २५ जानेवारी

चि. सौ. सुप्रियास,
अ. उ. आ.

तू जवळ येणार, वाचून जीव सुपाएवढा झाला. पण बाई, मुरमाचा खड्डा पल्याड नाल्यापाशी हाये. तुह्या प्लॉटात आपली विहीर होती. काका आन् आपण पाळीपाळीनं पाणी घेत होतो ती. शेत विकलं तवा शालिग्राम म्हणे, विहिरीचा प्लॉट कोणी घेत नसते, तू बिनघोर राय. मी राह्यलो.

तुह्यं पत्र यायच्या आधीच, सोमवारी मुरमाचे टिप्पर आले. मी आडवा झालो, लय भांडलो. कोणाचा हुकूम म्हणून विचारलं, तर ड्रायव्हरनं कानाशी येऊन तुह्यं नाव सांगतलं. मंग बाजूले झालो. लेकीच्या घराचा पाया कोणता बाप अडवते? मोटारीचा पाइप तेवढा ओढून घेतला.

सांबार पिवळा पडून राह्यला. तू रडू नको. जावईबापूंले नमस्कार. म्हाताऱ्याची आठवण असू दे.

तुहा बाबा, रंगराव

नागपूर, ३१ जानेवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र भेटलं. माह्यं नाव ऐकून काहून बाजूले झाले, बाबा? कमरेले दोर बांधून तुमी मले त्या विहिरीत पोहणं शिकवलं, आन् मीच ती बुजवली.

ले-आउटवाल्याले फोन केला. तो हसला, म्हणे, विहीर उकरायले सांगणाऱ्या तुमीच पहिल्या. हसू द्या. पाडव्याले घराच्या पायाआधी विहिरीतला मुरूम निघन. घर उरलेल्या जागेत, दोन खोल्या बसल्या तरी पुरे. प्लॉट माह्या नावावर हाये, म्हणजे काकांची पाळीबी माह्यीच. ते पाणी तुमच्या वाफ्यांले.

रागावले असान तर आल्यावर मनसोक्त रागवा, पण पोरीले परकी करू नका. आन् बाबा, पाइप कोणाले देऊ नका.

तुमची सुप्रिया