रोज एक हात

८ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण तुझी मधमाश्यांची पेटी. आठ दिवसांसाठी म्हणून गच्चीत माझ्या खिडकीला लागून ठेवलीस, त्याला चौदा महिने झाले. पाच फेब्रुवारीला लेक महिन्याच्या बाळाला घेऊन याच खोलीत राहायला येते आहे. लेकराला खिडक्या लावून कोंडून ठेवू का? त्याआधी पेटी ने. सबबी नकोत, तारीख कळव.

तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तुझ्या आवाजात. नेतो गं, पण मेशिवाय रजा नाही. तू मात्र परस्पर हलवू नकोस. माश्यांना जागा पाठ असते. पेटी एकदम लांब सरकवली तर त्या जुन्या जागीच घोटाळून मरतात. हलवायचीच तर संध्याकाळी, सगळ्या आत आल्यावर, रोज फक्त एक हात. एवढा उपद्व्याप तुला कुठला जमायला!

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा धाकटा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

सांगितलंस तसं केलं. सतरा तारखेपासून रोज संध्याकाळी एक हात. दुसरं टोक समोरची शिवणबाई धरते. गच्ची दोघांची, माझ्या खिडकीपासून तुझ्या बंद खोलीच्या खिडकीपर्यंत बरोबर अठरा हात. काल पोचलो. एकही माशी वाट चुकली नाही.

तुझ्या खिडकीची फुटकी काच तू दोन वर्षं बसवली नाहीस. आत तुमचं कपड्यांचं कपाट आहे ना? किल्ली तुझ्याकडे, त्यामुळे आत काय चाललंय ते मला दिसत नाही. गुणगुण तेवढी ऐकू येते. घाई नाही, मे महिन्यात सावकाश ये.

वहिनीला आठवण सांग.

ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

त्या कपाटात हिचे ठेवणीतले कपडे आहेत. हिने बॅग भरली आहे, माझी. दहा तारखेला दुपारी पोचतो. पेटी त्याच संध्याकाळी मळेवाल्या मित्राकडे, वीस मैलांवर. तोवर काहीही सरकवू नकोस, हात जोडतो.

धाकटा

पोच

१० फेब्रुवारी, संध्याकाळ. मधमाश्यांची पेटी एक, झाकण व तिवईसह, धाकट्या भावाच्या ताब्यात दिली. माश्या मोजल्या नाहीत. कपाट दोघांनी उघडून पाहिलं: कपडे जसेच्या तसे, माशी एकही नाही. याबद्दल भावाने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. पलीकडे बाळ झोपलं होतं, खिडकी उघडी होती. पेटी उचलायची घाई त्याची त्यानेच केली. सही डाव्या हाताची आहे. उजवा सुजला आहे.