चाचणीचे फोटो

४ फेब्रुवारी, रविवार

स्टॅन येण्यापूर्वी तळघरात सर्व मापे जुळवली. काळा पडदा, एकच दिवा – डावीकडे, चेहऱ्यापासून बरोबर चार फूट, डोळ्यांच्या दीड फूट वर. छायाचित्रकार हॉफस्टाडबाईंच्या पुस्तकातील व्यक्तिचित्रांवरून ही मापे काढण्यात दोन महिने गेले. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि पाहणाऱ्यास वाटावे की हा माणूस आता काहीतरी सांगणार. असे एक तरी छायाचित्र आमच्या छायाचित्रण मंडळाच्या मार्चमधील प्रदर्शनात लावावे, अशी इच्छा आहे.

दिव्याच्या चाचणीसाठी नेहमीप्रमाणे माझी बायको मॉरीन स्टुलावर बसली. तिचे तीन फोटो घेतले. मग आमचा शेजारी स्टॅन बसला. आइस हॉकीच्या मैदानावरचा बर्फ सांभाळण्यात याची चाळीस वर्षे गेली. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. "दिवा इतका जवळ? भाजून खातोस की काय मला?" वर मॉरीनला हाक – "वहिनी, कांदा चिरायला घ्या!"

५ फेब्रुवारी

स्टॅनचे साठ फोटो. एकही साधला नाही. अंधारात बसलेला स्टॅन, एवढेच.

चाचणीचे फोटो मी नेहमी पुसतो. आज पुसवले नाहीत. मॉरीनचे तिन्ही थेट हॉफस्टाडबाईंचे वाटतात! दिवा तोच, अंतर तेच, मध्ये फक्त अर्धा तास. उलगडा होत नाही.

७ फेब्रुवारी

तफावत सापडेपर्यंत उठायचे नाही, ही आम्हा हिशेबनिसांची शिस्त. पण ही तफावत मोजायची कशाने? मॉरीनचा स्वभाव मुळात खिन्न नाही. ऑक्टोबरात तिची बहीण बर्निस गेली, तेव्हाही ती आठवड्याभरात सावरली. भेटायला आलेल्यांना पिरोगी – बटाट्याच्या सारणाच्या करंज्या – वाढत होती, त्यांनाच धीर देत होती. मला तिचे कौतुक वाटले होते. मग ही छाया येते कुठून?

११ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या अध्यक्षा लॉर्ना यांना बसवले. त्याआधी मॉरीनची चाचणी, पुन्हा तीन फोटो. निकाल तोच – मॉरीनचे अप्रतिम, लॉर्नाबाईंचे निर्जीव. बाईंनी दोन्ही पाहिले. "हिचाच लावा की प्रदर्शनात. आणि त्या फूटपट्टीला जरा सुट्टी द्या."

१४ फेब्रुवारी

मॉरीनलाच रीतसर बसवले. तिने निळा स्वेटर घातला, लिपस्टिक लावली. म्हटले, "हसू नकोस." ती आणखीच हसली. "तुझा तो इंच-टेप बघून हसू येतं रे, ड्वेन."

फोटो पासपोर्टला चालेल असा. म्हणजे चेहऱ्याची ठेवण हेही कारण नव्हे. माझे डोके चालेनासे झाले.

१८ फेब्रुवारी, रविवार

पडदा काढला. छतावरचे सर्व दिवे लावले. कोठेही सावली उरू दिली नाही. मॉरीनला म्हटले, "फक्त चाचणी आहे, दोन मिनिटं बस." मी अंतर मोजत राहिलो आणि मधेच, न सांगता, बटण दाबले.

चेहरा तोच. भर उजेडात तोच.

दिव्याचा यात काही संबंध नाही.

१९ फेब्रुवारी

चाचणीचे सातही फोटो छापून जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे मांडले. तिने एकेक उचलून पाहिला. मग म्हणाली, "हे तू बघतोस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, पुसून टाकतोस. तेवढीच दोन मिनिटं बर्निससाठी असायची."